ऐंशी मिनिटं

साधनाने फडताळाच्या दुसऱ्या खणात हात घातला आणि तो सरळ मागच्या भिंतीला टेकला. खण रिकामा होता. फळीवरच्या धुळीत पुस्तकांच्या रांगेची पट्टी तेवढी स्वच्छ राहिली होती. तिने ती वितीने मोजली. दोन विती. सोळा पुस्तकं.

आठ दिवसांचं प्रशिक्षण आटोपून ती तासाभरापूर्वीच पुण्याहून बोरीला पोचली होती. पिशवीतले कपडेही अजून काढले नव्हते. आधी हात धुवायचे, मग त्या खणातलं एक पुस्तक घेऊन ओटीवर बसायचं, एवढंच तिने येताना गाडीत ठरवलं होतं.

आत तिच्या सासूबाई, साळुबाई, चुलीपुढे भाकरी थापत होत्या. घरात दोघीच असत.

“आत्या, इथली पुस्तकं?”

“झुंबरच्या पोरीला दिली.” साळुबाईंनी मागे न बघता सांगितलं. “कांदं लावायला आली व्हती झुंबर. तिची प्राची बारावीला एका विषयात गेली. मार्चात जुन्याच पुस्तकावर परीक्षा हाय म्हणं, शेवटची. तूच म्हणली व्हतीस ना, अभ्यास बदलला, आता ही कामाची न्हाईत?”

ते खरं होतं. निमगाव सावाच्या शाळेत साधना अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवायची. जूनमध्ये नवी पाठ्यपुस्तकं आली, तेव्हा ती असं म्हणाली होती.

“सगळी दिली?”

साळुबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली.

“जुनी व्हती ती.”

यापुढे काही विचारायचं, तर साधनाला नऊ वर्षांपूर्वीपासूनचं सांगावं लागलं असतं.

सोळांपैकी अकरा पाठ्यपुस्तकं होती. उरलेली पाच विज्ञानकथांची. कॉलेजात असताना तिने ती एकेक करून जुन्या बाजारातून घेतली होती. लग्नाच्या आदल्या आठवड्यात आई म्हणाली, सासरी गोष्टींची पुस्तकं घेऊन बसलीस तर पहिल्याच दिवशी नाव निघेल. साधनाने पाचही पुस्तकांना खाकी कागदाची कव्हरं घातली आणि वर ठळक अक्षरात लिहिलं, ‘भौतिकशास्त्र, भाग दोन’, ‘प्रकाश व ध्वनी’, ‘उष्मागतिकी’. मग खरी पाठ्यपुस्तकंही तशाच कागदात घातली. साळुबाईंना अक्षरओळख नव्हती. पुस्तक दिसलं की मात्र त्या जपून पाऊल टाकत, आणि कोणी आलं तर हळूच सांगत, “आभ्यास करती. बोलू नगा.”

नवऱ्याने, अमृतने, एकदा ‘उष्मागतिकी’ उघडून पाहिलं होतं. दोन पानं चाळून तो हसला आणि ठेवून दिलं. तेव्हा तो चाकणच्या कंपनीतून दर शनिवारी यायचा. पुढे महिन्यातून एकदा यायला लागला. गेल्या गणपतीपासून तो आला नव्हता. फोनवर ओव्हरटाइम म्हणायचा.

ती पाच पुस्तकं साधनाने किती वेळा वाचली, हे तिने मोजलं नव्हतं. शेवट माहीत असलेलीच पुस्तकं तिला हवी असत. त्यातलं एक तर तिला जवळजवळ पाठ होतं. शनीजवळच्या एका ठाण्यावर एक माणूस एकटा असतो. रोज ठरल्या वेळी तो तिथलं तापमान, दाब आणि आपण ठीक असल्याचं पृथ्वीला कळवतो. तिकडून कोणी ऐकतंय की नाही, हे त्याला शेवटच्या प्रकरणापर्यंत कळत नाही. लेखकाने त्यात एक चूक केली होती. निरोप पोचायला चाळीस मिनिटं लागतात, असं लिहिलं होतं. साधनाने ते पेन्सिलीने खोडून समासात ऐंशी केलं होतं. दर वेळी त्या पानावर आली की तिला ती दुरुस्ती भेटायची. आपणच त्या ठाण्यावर येऊन गेलो होतो, अशी खूण असल्यासारखी.

रात्री जेवताना ती म्हणाली, “रविवारी जरा बाहेर जाऊन येते. मंचरकडे काम आहे.”

मंचरच्या पुढे त्याच रस्त्याला चाकण. साळुबाईंचा घास हातातच राहिला. मग त्यांनी तो पुन्हा कालवणात बुडवला.

“ये की,” त्या म्हणाल्या.

रविवारी सकाळी निघताना साळुबाई दारात उभ्या होत्या. साधनाच्या खांद्याला शाळेचीच पिशवी होती.

“एवढीच पिशवी?”

“हो. का?”

“न्हाई. इचारलं.”

त्या आत गेल्या, तिथे काही क्षण थांबल्या आणि रिकाम्याच हाताने परत आल्या. मग फडक्यात बांधलेली भाकरी-चटणी तेवढी पिशवीत सारली.

नारायणगाव, मंचर, घोडेगाव. डिंभ्यापासून पुढे जीप. जीपवाल्याने तिला पुढच्या सीटवर बसवलं आणि मागे वळून ओरडला, “ए, सरका जरा! मॅडम हायत, मार्क कापतील!” मागचे हसले. साधनाही हसली, आणि आपण बऱ्याच दिवसांनी हसलो, हे तिच्या लक्षात आलं.

झुंबरबाईंची वाडी डिंभे धरणाच्या कडेला होती. त्या अंगणात नाचणी पाखडत होत्या. साधनाला बघून सूप तसंच खाली ठेवलं.

“अगं बया! बाई, तुमी? येवढ्या लांब?”

“प्राचीचा अभ्यास कुठपर्यंत आलाय, बघायला आले,” साधना म्हणाली. हे खोटं तिने जीपमध्ये तयार केलं होतं.

प्राचीने पुस्तकं पत्र्याच्या पेटीवर रचून ठेवली होती. साधनाने वरचं उघडलं. स्थितिविद्युत. दुसरं. प्रकाशाचं अपवर्तन. ती एकेक कव्हर उलटत गेली. अकरा. अकराही पाठ्यपुस्तकं.

“बाकीची कुठंयत?”

“येवढीच दिली आजींनी,” प्राची घाबरून म्हणाली. “मी एकपण हरवलं नाय, मॅडम.”

“अगं, तुला नाही म्हणत.”

“म्हातारीनं लई घोळ घातला त्या दिशी,” झुंबरबाई म्हणाल्या. “येकेक पुस्तक घेऊन अंगणात उनात जायच्या. वरून बघायच्या, खालून बघायच्या. मग ह्ये घे, ह्ये ऱ्हाऊ दे. म्या म्हणलं, मावशी, वाचता यायला लागलं का काय तुमाला? तर माझ्यावरच खेकसल्या.”

साधनाला काही उमगलं नाही. राहू दिलेली मग रद्दीत गेली असतील, एवढंच तिच्या मनात आलं. आळेफाट्याचा रद्दीवाला गुरुवारी बोरीत येतो. गुरुवार होऊन गेला होता. पाच पुस्तकांचे किती पुडे होतात, याचा हिशेब तिचं मन करू लागलं, तेव्हा तिने ते थांबवलं आणि प्राचीला विचारलं, “कुठं अडतं तुझं?”

प्राचीचं भिंगाच्या सूत्रात अडत होतं. चिन्हं चुकत होती. साधनाने अंगणातल्या मातीत काडीने किरण काढून दाखवले. तासाभरात पोरीची चार उदाहरणं बरोबर आली. निघताना झुंबरबाईंनी तिच्या पिशवीत शेरभर तांदूळ ओतले, नको म्हणायच्या आत.

ती बोरीला उतरली तेव्हा दिवस मावळत होता. साळुबाई ओटीवर होत्या. पायाशी तांदळाचं ताट होतं, निवडायला घेतलेलं. निवडलेला एकही दाणा बाजूला नव्हता.

“आलीस?”

“आले.”

“चाकणाला गेली व्हतीस का?”

“चाकणला? नाही. मी झुंबरबाईंकडे गेले होते.”

साळुबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आत गेल्या आणि एक चेनची पिशवी घेऊन आल्या. साधना याच पिशवीतून पहिल्यांदा या घरी सामान घेऊन आली होती. त्यांनी ती तिच्यापुढे ठेवली.

साधनाने चेन ओढली. वर तिच्या दोन चांगल्या साड्या. मध्ये प्रमाणपत्रांची फाईल. तळाशी जुन्या धोतरात गुंडाळलेली पाच पुस्तकं.

“सकाळीच द्यायची व्हती,” साळुबाई म्हणाल्या. “हात उचलंना.”

साधना खाली बसली. ‘प्रकाश व ध्वनी’चं कव्हर तिने तळहाताने पुसलं, तिथे पुसण्यासारखं काही नसताना.

“हीच कशी काढली तुम्ही? सगळी तर सारखी होती.”

“सारखी कुठली?” साळुबाईंनी बोट ठेवलं. “ह्यो कपाचा गोल बघ. साळंची वाचती तवा च्या गरम पिऊन कप खाली ठेवती. ही वाचती तवा कप पुस्तकावर ऱ्हातो, च्यावर साय धरती, आन् मला परत गरम करायला लागतो. नऊ वर्सं गरम करती मी तुजा च्या. आन् आभ्यास करताना मानूस हसत न्हाई.”

खाकी कागदावर तपकिरी वर्तुळं होती. एकात एक अडकलेली. साधनाने ती कधी पाहिली नव्हती.

“बोलला नाहीत कधी.”

“तू सांगितलं न्हाईस. मंग म्या कशाला?”

रस्त्याने एक बैलगाडी गेली.

“कुंडलिक टेम्पो घेऊन चाकणाला जातो,” साळुबाई म्हणाल्या. “त्यानं सांगितलं. अमृतनी खोली बदलली. येकटा न्हाई ऱ्हात.”

“माहीत आहे मला.”

“कवापासनं?”

“दिवाळीपासून.”

“मला दसऱ्यापासनं.” साळुबाईंनी ताट जवळ ओढलं. “म्हणलं, पोर शिकल्याली हाय, जाईल. जाताना तिला शोधाशोध नको.”

साधना उठली. साड्या काढून तिने आतल्या दांडीवर टाकल्या. पुस्तकं फडताळात, पट्टी राहिली होती तिथे उभी केली. फाईल मात्र तिने पिशवीतच राहू दिली आणि पिशवीची चेन लावली. साळुबाईंनी दारातून ते पाहिलं. त्या चूल पेटवायला वळल्या.

चहा घेऊन त्या आल्या, तेव्हा साधना दिव्याखाली शनीचं पुस्तक उघडून बसली होती. साळुबाईंनी कप तिच्या हाताशी ठेवला, पण नेहमीसारख्या आत गेल्या नाहीत.

“काय असतं गं त्याच्यात?”

“एक माणूस आहे. लई लांब, शनीच्या तिकडं, एकटाच असतो. तिथून रोज निरोप पाठवतो, मी बरा आहे म्हणून.”

“पोचतो का?”

“पोचतो. ऐंशी मिनिटं लागतात.”

“म्हंजी किती?”

“सव्वा तासाच्या वर थोडं. नारायणगावच्या एस.टी.ची वाट बघतो ना आपण, तेवढं.”

“आन् उलटा जाब यायला?”

“तेवढंच.”

साळुबाईंनी मनाशी काहीतरी जुळवलं. कपातल्या चहावर साय धरू लागली होती. कोणीच तो उचलला नाही.

“मंग लई न्हाई,” त्या म्हणाल्या, आणि पदर सावरून भिंतीला टेकून बसल्या.