काठाला लावायचं राहिलेलं विमान

बालाजीच्या दहाव्याला कावळा शिवेना. सिद्धेश्वरच्या धरणाखाली, पूर्णेच्या काठी पिंड मांडून सगळी भावकी उन्हात ताटकळत उभी होती. झाडावर कावळे होते, पण एक खाली येईल तर शपथ. चुलत्यानं हात जोडून सांगितलं, तुझ्या लेकीला शिकवू. कुणी म्हणालं, तुझ्या आईला अंतर देणार नाही. कुणी त्याचा क्लास चालू ठेवायचं कबूल केलं. कावळे आपले माना तिरप्या करून ऐकत बसलेले. शेवटी त्याची आई, आशाबाई, पुढं झाली.

"तुझं इमान काठाला लावीन, बाळा. पाण्यात उभं ठेवायची न्हाई."

ती वळते न वळते तोच कावळा खाली आला.

भावकीला वाटलं, म्हातारी धर्माइमानाचं काही बोलली. एकदोघांनी तर डोळे पुसले. इमान म्हणजे विमान, हे एकट्या त्याच्या बायकोला, प्रतिक्षाला कळलं.

बालाजीचा गोरेगावात, बाजाराच्या तोंडाला, कॉम्प्युटरचा क्लास होता. दुपारी पोरं जेवायला गेली की तो विमान उडवायचा खेळ लावायचा. त्यातलं एक विमान त्याचं लाडकं होतं. चाकांच्या जागी खाली दोन लांबट होड्या. पाण्यावरूनच उडायचं, पाण्यावरच उतरायचं. खेळातल्या नकाशावर पूर्णेच्या वाटेत कुठंतरी एक निळा डाग होता. त्यावर नाव नव्हतं, पण हेच आपलं सिद्धेश्वर असं त्यानं ठरवून टाकलं होतं. डबा घेऊन आलेली प्रतिक्षा तान्ह्या लेकीला मांडीवर घेऊन शेजारी बसायची. आशाबाईही यायची, आणि विमान पाण्याला टेकायच्या वेळेला दर खेपेला डोळे मिटायची.

"बुडंल की रे."

"बुडत न्हाई, माय. होडी हाय ना खाली."

मग त्याला कावीळ झाली. आधी झाडपाला झाला, मग नांदेडला न्यायचं ठरलं. जीप क्लासच्या दारात उभी राहिली तेव्हाही तो पिवळ्या डोळ्यांनी पडद्यासमोरच बसला होता. विमान तळ्याच्या मध्यावर होतं. हाका आल्या तसं त्यानं इंजिन बंद केलं, खेळ होता तसा जपून ठेवला आणि उठला. आल्यावर लावतो काठाला, म्हणाला. नांदेडहून तो आला तो तसा.

दहाव्यानंतर आशाबाईचं एकच सुरू झालं. लावलंस का गं काठाला? प्रतिक्षाकडं रोज नवं कारण असे. लाईट नव्हती. लेकरू रडत होतं. मला कुठं जमतं ते. जमत नव्हतं असं नाही. बालाजीनं तिचा हात धरून शिकवलं होतं. पण क्लासला कुलूप लागल्यावर कॉम्प्युटर घरी आला, आणि लेक झोपली की ती तो जपून ठेवलेला खेळ उघडून बसू लागली. तिथं कायम संध्याकाळ असायची. विमान टेकडीकडं तोंड करून पाण्यावर हलकं डोलत असायचं. बालाजी नुकताच तांब्याभर पाणी प्यायला उठलाय, असं वाटायचं. ती कशालाही हात लावायची नाही.

वर्षश्राद्ध तोंडावर आलं. आशाबाई डाळ निवडत होती. सूप बाजूला ठेवून तिनं विचारलं,

"काहून टाळून राहिली, पोरी?"

"आत्याबाई, खेळातलं आहे ते."

"खेळ हाय ते मला कळतं. कावळ्याला कुठं कळतं? त्याच्या म्होरं बोलले म्या."

प्रतिक्षानं सूप ओढून डाळीतला एक खडा वेचला. मग खाली बघत म्हणाली, "काठाला लागलं की त्यांचं काहीच राहणार नाही करायचं."

"तुला त्यो तिथं बसलेला दिसतो," आशाबाई म्हणाली. "मला अडकलेला दिसतो."

दुपारी लाईट आली. सासूनं स्टूल ओढून घेतलं. प्रतिक्षानं खेळ उघडला. इंजिन सुरू केलं तसा विमानाचा पंखा गरगरला आणि ते लगेच पुढं सरकलं. पाण्यावर ब्रेक नसतो, बालाजी सांगायचा. इंजिन आधीच बंद करायचं, मग विमान आपोआप जातं. पण किती आधी, हे त्यालाच ठाऊक. तिनं घाबरून फार लवकर बंद केलं. विमान काठापासून लांब थांबलं आणि वाऱ्यानं तोंड फिरवून परत मध्याकडं निघालं.

"बैल तरी ऐकतो," आशाबाई पुटपुटली.

"बैलाला कासरा असतो, आत्याबाई."

दुसऱ्यांदा तिनं काठ पुरता जवळ येऊ दिला. गवताच्या हिरव्या चौकड्या दिसू लागल्या तेव्हा इंजिन बंद केलं. आवाज गेला. विमान सरकत राहिलं, सरकत राहिलं, आणि पडदा एकदा जरासा हादरून थांबला. या खेपेला आशाबाईनं डोळे मिटले नव्हते. तिनं कानशिलावर बोटं मोडली.

खेळ बंद करायला गेल्यावर पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला. जुनं पुसून हे ठेवू का? आशाबाईला ते वाचता येत नव्हतं. नाही म्हटलं असतं, तर उद्या विमान पुन्हा तळ्याच्या मध्यावर, त्याच संध्याकाळी डोलत दिसलं असतं. म्हातारीचं समाधान तर झालंच होतं. तिला कुणी सांगणार नव्हतं.

"काय इचारून राहिलंय ते?"

प्रतिक्षाचा हात माऊसवर तसाच राहिला. लाईट कधीही जाईल, हे तिला कळत होतं. गेली तर बरं, असंही एकदा वाटून गेलं.

"विचारतंय, इथंच ठेवू का."

"मग सांग की व्हय," आशाबाई म्हणाली. मग सुनेच्या तोंडाकडं बघून तिनं आवाज उतरवला. "सांग, बाई. मी हाय."

प्रतिक्षानं हो म्हटलं. प्रश्न पुसला गेला.

मग तिनं तोच खेळ परत उघडला. काठ होता, गवत होतं, गवताला टेकून विमान होतं. दोघी कितीतरी वेळ त्याच्या दाराकडं बघत बसल्या. कुणी उतरलं नाही.