इलायती इंजिनाची उरलेली नळी

आधीच सांगून ठिवतो, माझ्या गाडीला खटारा म्हणायचं न्हाई. वाण्याचा पोपटराव एकदा म्हणून गेला, तवापास्नं मी त्याच्या दुकानाची पायरी चढलो न्हाई. पर खुद्द बायकूच म्हणाली तर माणसानं कुठं जायाचं?

गाडी म्हंजी जुनी चारचाकी, हौसेनं घेतलेली. इंजिन मेलेलं व्हतं, एवढीच काय ती खोट. वरीसभर ती दारात हुबी. मी रोज पुसायचो, बॉनेट उघडून बघायचो, तिच्याशी दोन शबुद बोलायचो. मागल्या शिटावर कोंबड्या अंडी घालायच्या. पंचमीला म्हाळसा, म्हंजी माझी बायकू, माहेरी इनामगावला निघाली, तवा उंबऱ्यावरनं म्हणाली, "आता मला न्यायला याल ते ह्या खटाऱ्यात बसून या. येष्टीनं आलात तर मी काय येणार न्हाई."

"आन् न्हाई चालली तर?"

"तर ऱ्हावा दोघं सुखानं," म्हणाली आन् गेली.

मला वाटलं, चार दिस रुसंल आन् यील. कसलं काय! दसरा तोंडावर आला तरी बाई हालंना. घर खायला उठलं. माझी भाकरी एका अंगानं कच्ची तर दुसऱ्या अंगानं कोळसा. मग मात्र मी इरेला पेटलो. म्हणलं, गाडी चालवूनच दावतो.

शिरूरला ज्ञानदेव मिस्त्रीचं ग्यारेज हाय. गडी गुणी, पर फाटक्या तोंडाचा. त्यानं पुण्याच्या जुन्या बाजारातनं एक इलायती इंजिन आणलं, कुठल्या तरी सायबाच्या मोडीत गेलेल्या गाडीचं. आमच्या गाडीत ते झ्याक बसलं. पर त्याच्या अंगावर नळ्याच नळ्या!

"ह्या कशाला रं एवढ्या?" मी इचारलं.

"तिकडं इंजिनाच्या पोटातला धूर भाईर सोडत न्हाईत. ह्या नळ्यांनी परत इंजिनालाच पाजत्यात."

"म्हंजी आपलंच उष्टं आपणच खायाचं?"

"व्हय. तिकडं कायदाच हाय म्हणं तसा."

आमच्या गाडीला असले चोचले ठाऊक न्हाईत. नळी आंगठ्याएवढी, तर तिच्या समोरचं भोक करंगळीएवढं. ज्ञानदेवानं फवारणी पंपाचा पाईप कापून मधी घातला, वरनं सायकलची टूप गुंडाळली, तारेनं आवळली, सायबाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तवा कुठं एकेक नळी जाग्याला लागली. शेवटी एक उरलीच. तिला बसवायला गाडीत जागाच न्हाई. आन् ती गप बसंल तर शपथ! इंजिन चालू केलं की फुस्स करून वारा ओढायची आन् इंजिन गचके खाऊन मरायचं. तिच्या तोंडावर आंगठा दाबला की इंजिन सुतासारखं सरळ. ज्ञानदेवानं तिला लाकडाचं बूच ठोकलं आन् मला इनामगावच्या वाटंला लावलं.

न्हावऱ्याच्या पुढं वढ्यात इंजिन ठसकलं आन् बूच उडालं ते बाभळीच्या जाळीत. अंगभर काटे भरले, पर बूच घावलं न्हाई. धोतराची चिंधी कोंबली, तर ती इंजिनानं गिळली! एवढं इलायती, पर खादाड मेलं. मग काय करता? नळी लांब व्हती, म्हणून डॅशबोर्डाखालच्या भोकातनं आत वढली. डाव्या हाताचा आंगठा नळीवर, उजवा हात स्टेरिंगवर. गेर बदलायला देवानं तिसरा हात दिला न्हाई, तवा पहिल्या गेरातच इनामगाव गाठलं. बैलगाडीवाले मला मागं टाकून, वर वळून हसत व्हते.

वेशीवर गावचा टवाळ रखमाजी बसलेला. त्याची जीभ आधीच वळवळती. "काय पाव्हणं, पांढरीच्या खड्ड्यात घावली का ही गाडी? त्या जुनी मडकी खणून काढणाऱ्या लोकांना दावा, नंबर घालून ठिवतील!" मी उतरून दावलंच असतं, पर आंगठा अडकलेला.

म्हाळसा दारात आली. गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आन् भिताडाआड झाली. माझे सासरे तात्याबा म्हणाले, "जावईबापू, पोरगी पाठवायची तर आधी मी बसून बघतो. गावातनं एक चक्कर मारू. मधीच बंद पडली, तर पोरगी काय यायची न्हाई."

"बसा की मामा. फकस्त ही नळी आंगठ्यानं दाबून धरा. काय झालं तरी सोडू नका."

"त्यात काय मोठं!" मामा फेटा सारखा करून ऐटीत म्होरं बसले.

निघालो. मारुतीचं देऊळ आलं. मामांनी दोन्ही हात जोडले. गाडी खलास!

"मामा, नळी!"

"अरं हां हां."

पुन्हा चालू केली. पारावर चार म्हातारी माणसं बसलेली. "राम राम मंडळी!" मामांचे दोन्ही हात कपाळाला. गाडी खलास! पुढं गिरणीपाशी त्यांचा साडू भेटला. राम राम, खलास! माझं डोकं तापलं.

"मामा, नुसती मान हलवा की!"

"मान?" मामा कडाडले. "गाडीत बसलो म्हणून माजलो का मी? लोकं तोंडात शेण घालतील!"

आवो, इनामगावात एवढी माणसं ऱ्हात्यात हे मला त्या दिवशी कळलं. आन् मामांची सगळ्यांशी वळख! दर दहा पावलांवर गाडी मरत व्हती आन् मामा जोडलेल्या हातानं हसत व्हते. मी मनात म्हणलं, संपलं. आता म्हाळसा काय येत न्हाई. खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं माझ्या.

परत दारात आलो, तर मागं निम्मं गाव. रखमाजीच सगळ्यांना सांगत व्हता, "गाडीवाले आपल्या तोंडावर धुरळा उडवून जात्यात. तात्याबाचा जावई बघा, एकेका माणसाला थांबून राम राम घालतो!" मामांची छाती फुगलेली. उतरून सासूबाईंना म्हणाले, "गाडी संस्कारी हाय. विठाबाई, पोरीची वटी भरा."

मी म्हाळसाकडं बघितलं. तिनं भिताडाआडनं समदं बघितलं व्हतं. पदर तोंडात कोंबून हसत व्हती. गठुडं घेऊन आली, माझ्या शेजारी बसली आन् नळी हातात घेऊन म्हणाली, "चला."

गाव सुटलं. दुसरा गेर पडला, तिसरा पडला, गाडी भन्नाट निघाली. मी हरखलो. "बघितलंस? म्हणत व्हतो का न्हाई? आता रंग दितो, शिटा नव्या घालतो, म्होरले दिवे..."

गचकन गाडी मेली. बघतो तर म्हाळसानं आंगठा काढून हात मांडीवर ठिवलेला.

"अगं, नळी!"

"वरीसभर गाडीशी बोललात. आता माझ्याशी बोला."

"काय बोलू?"

"ते बी मीच सांगायचं व्हय?"

दोन्ही अंगाला ज्वारी, रस्त्यावर चिटपाखरू न्हाई. मला घाम फुटला. इंजिनाचं इचारलं असतं तर घडाघडा सांगितलं असतं. शेवटी म्हणालो, "कोंबड्या खुराड्यात घातल्या."

तिनं नळी आणखी लांब सारली.

"भाकरी करपत्यात."

"मग सैपाकीण न्यायला आलाव का?"

आता माझं डोकं सटकलं. स्टेरिंगवर मूठ आपटून वरडलो, "करमत न्हाई मला तुझ्याबिगर! सांजच्याला घरात पाय टाकू वाटत न्हाई! पंचमीपास्नं ह्या गाडीतच झोपतोय मी! झालं समाधान?"

म्हाळसानं ज्वारीकडं तोंड फिरवलं. मग पदरानं डोळं पुसलं, म्हणाली, "एवढं वरडायला काय झालं?" आन् आंगठा नळीवर ठिवला.

दिवाळीच्या आधी ज्ञानदेव आला. पुण्यातनं मापाचं रबरी बूच आणलेलं, वर आवळायची पट्टी. मोठ्या कौतुकानं म्हणाला, "घ्या वैनी, आता तुमच्या आंगठ्याची गरज न्हाई."

म्हाळसानं बूच हातात घेतलं, फिरवून बघितलं, "झ्याक हाय," म्हणाली आन् चुलीत घातलं. रबराचा वास घरभर सुटला. ज्ञानदेव तोंड वासून माझ्याकडं बघाय लागला. मी तिकडं बघितलंच न्हाई. मी आपला म्हाळसाशी बोलत बसलो.