मरियमची छत्री

आरोग्य केंद्रात नर्स हिरुतने "कसा आहेस?" विचारलं तेरेफेला आणि उत्तर दिलं त्याच्या आईने, अस्कालेचने. "देवाची कृपा! छान आहे पोरगा."

तिचं हे नेहमीचंच. गुरागे लोकांच्या त्या डोंगराळ मुलखात कुणी कसं काय विचारलं, तर घर पेटलेलं असलं तरी माणूस आधी देवाची कृपा म्हणणार आणि मग पाणी मागणार. शिवाय तिला आनंद खरंच झाला होता. स्किझोफ्रेनियाने घेरलं तेव्हा तेरेफे कानातल्या आवाजांशी भांडत बाजारभर हिंडायचा. शेवटी चुलत्यांनी त्याला खांबाला बांधून घातलं. मग इथं दर महिन्याचं इंजेक्शन सुरू झालं आणि आवाज गेले. आता तो दिवसभर भिंतीला टेकून बसायचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. कोचोची भाकरी हातात दिली तर खायचा. आईला आणखी काय हवं? पोर बरं झालं तर मरियमच्या चर्चला झालरीची मखमली छत्री वाहीन, असा नवस ती बोलली होती. छत्री घरात येऊन पडली होती. रविवारी नवस फेडायचा होता.

"आवाज येतात?" हिरुतने विचारलं.

"छे! झोपतोही गाढ."

"मावशी, आता त्याच्या मनातलं विचारायचंय. जरा गप्प बसता?"

"मी कुठं बोलतेय?"

हिरुत तेरेफेकडे वळली. "जगणं नकोसं वाटतं का रे?"

"काहीतरीच काय विचारतेस पोरी! आता तर बरा झालाय."

"म्हणूनच विचारतेय."

तेरेफेने आईच्या वाकड्या मनगटाकडे पाहिलं. "हा हात मी मोडला. ती सगळ्यांना सांगते, घसरून पडले. वेडात होतो तेव्हा काही कळत नव्हतं. आता सगळं कळतं."

"मग?"

"रविवारपर्यंत थांबलोय. आई छत्री घेऊन गेली की घरात कुणी नसेल." त्याचा आवाज अगदी शांत होता. "आधीच उरकलं असतं. पण म्हटलं, तिचा नवस फिटू दे. देवाचं देणं राहिलं तर ती झुरत बसेल."

अस्कालेचला आत्ता उमगलं. आठवडाभर तो विचारत होता, आई, रविवारी नक्की जाणार ना? पोराला देवाची ओढ लागली म्हणून तिने शेजारणींना कौतुकाने सांगितलं होतं. कौतुकाने!

"नाही फेडायचा मला नवस," ती एकदम ओरडली. "या रविवारी नाही, कुठल्याच रविवारी नाही. कोपू दे मरियमला!"

"आई, असं बोलू नये." तेरेफे घाबरला आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिने त्याची बाही घट्ट धरली.

"मी फेडेपर्यंत थांबणार म्हणालास ना? मग थांब."