वर चार, खाली दोन

त्या दुपारी सरांच्या बैठकीच्या खोलीत दोन चांगली शिकलीसवरली माणसं एका गिटारच्या भोकात आळीपाळीने नाक खुपसत होती, आणि दाराजवळ सतरंजीवर बसलेली मास्तरीण हसू फुटू नये म्हणून लेकीचे मोजे पुन्हा पुन्हा वर ओढत होती.

मास्तरीण म्हणजे शाळेतली नव्हे. ती घरोघर जाऊन मुलांना गिटार शिकवायची, म्हणून सरांनी तिला ते नाव ठेवलं होतं. सर तिचे गुरू. चौदा वर्षं ती याच खोलीत, याच गिटारवर शिकली. सर आजारी पडले तेव्हा त्यांनी गिटार तिच्या घरी पाठवली. "वाजती ठेव गं हिला. पडून राहिली की मुकी होते." आणि पुतण्याला समोर बसवून बजावलं, "माझ्यामागे ही मास्तरणीला द्यायची. फुकट नाही, फुकट ती घेणार नाही. पण मी सांगतो तेवढ्यालाच."

पुढे सर गेले. पुतण्याने घरातल्या वस्तूंची यादी करायची म्हणून गिटार परत मागवली, तिने ती पुसून पाठवली, आणि आज सरांनी सांगितलेली रक्कम पाकिटात घालून ती न्यायला आली होती. लेकीला शेजारणीकडे ठेवायचं ठरलं होतं, पण शेजारणीला ऐन वेळी ताप भरला, म्हणून लेकही कडेवर आली होती. सव्वा वर्षाची. आई तिला उंदरी म्हणायची, कारण घरातली एकही वस्तू तिने कुरतडल्यावाचून सोडली नव्हती.

पण मधल्या काळात पुतण्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी त्याचे कान फुंकले होते, की अरे, जुनी स्पॅनिश, हाताने घडवलेली गिटार म्हणजे साधी गोष्ट नव्हे. पुतण्या वाईट नव्हता. फक्त कुणी काही म्हटलं की त्याला ते पटायचं, आणि शेवटचं जो बोलेल त्याचं जास्त पटायचं.

"ताई, बसा ना. पाचच मिनिटं," तो म्हणाला होता, त्याला आता तास होऊन गेला होता. "हे पारखी आहेत. आणि हे डॉक्टर. डॉक्टरांकडे अशा अकरा गिटारी आहेत."

पारख्यांनी गळ्यात मफलर गुंडाळला होता आणि बोलताना ते डोळे मिटायचे. डॉक्टर दातांचे होते. त्यांनी दवाखान्यातून आपला तो लांब दांडीचा आरसा आणला होता आणि टॉर्चच्या उजेडात ते गिटारच्या पोटात असे बघत होते, जणू मागच्या दाढेला कीड लागली आहे.

"लेबल?" पारख्यांनी डोळे मिटून विचारलं.

"कसरीने खाल्लंय. नावाची शेवटची तीन अक्षरं आहेत, आणि अर्धी सही."

"उत्तम! खोट्या गिटारचं लेबल नेहमी अखंड असतं." त्यांनी भोकाशी नाक नेलं आणि दीर्घ श्वास घेतला. "देवदार. शंभर वर्षांचं. हा वास आता जंगलातसुद्धा उरला नाही हो. घ्या, तुम्ही घ्या."

डॉक्टरांनी घेतला. पुतण्यानेही घेतला. त्याला शिंक आली.

मास्तरणीला ठाऊक होतं की त्या भोकात सरांच्या तपकिरीची डबी एकदा सांडली होती. पण तिला कुणी विचारलं नव्हतं. मघाशी ती म्हणाली होती, "मी वाजवून दाखवू का?" तेव्हा पारख्यांनी तिचा हात हवेतच थोपवला होता. "नको, नको! लाखेचं पॉलिश आहे. घामाने उतरतं." चौदा वर्षं तिचा घाम पिऊन ते पॉलिश जिथल्या तिथे होतं. आणि डॉक्टर मात्र गिटार अशी धरून उभे होते, जणू कोंबडी मानेला धरून बाजारातून आणलीय.

पारखी आता कडेकडेने बोट फिरवायला लागले. खालच्या फुगीर बाजूला, जिथे वरची फळी आणि बाजूची शिसवी पट्टी एकमेकांना भेटतात, तिथे त्यांचं बोट थांबलं. त्यांनी डोळे उघडले. तासाभरात पहिल्यांदाच पूर्ण उघडले.

"आरसा."

डॉक्टरांनी लगबगीने आरसा दिला.

"हे बघा. वर चार. बारीक खळगे, ओळीत. आणि खालच्या अंगाला, हे, दोन." त्यांचा आवाज घोगरा झाला. "शिकंज्याचे दात."

"म्हणजे?" पुतण्याने विचारलं.

"लाकडं चिकटवताना शिकंज्यात दाबून धरतात ना? या कारागिराकडे बापाच्या हातचा एक दातेरी शिकंजा होता. वर चार दाते, खाली दोन. त्याच्या प्रत्येक गिटारवर या जागी ही खूण असतेच. पुस्तकात नाही मिळायचं हे तुम्हाला. बघणाऱ्यालाच दिसतं. सही खोटी करता येते, साहेब. शिकंजा कुठून आणाल?"

मास्तरणीच्या हातातला मोजा हातातच राहिला.

वर चार, खाली दोन. ते दात आत्ता तिच्या मांडीवर बसून तिच्याच कुडत्याचं बटण चावत होते.

चार महिन्यांपूर्वीची ती सकाळ तिला लख्ख आठवत होती. हिरड्या शिवशिवत होत्या म्हणून पोर रात्रभर रडली होती, आणि मास्तरीण थकून, काही सुचत नाही म्हणून, जमिनीवर बसून गिटारची सगळ्यात जाड तार नुसती छेडत राहिली होती. उंदरी रांगत आली, गिटारच्या कडेला धरून, आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःच्या पायांवर उभी राहिली, आणि कडेवर तोंड टेकून गप्प झाली. तार घुमली की तो नाद लाकडातून तिच्या हिरड्यांत जात असावा. आईने थांबवलं की ती दात रोवायची, आईने छेडलं की डोळे मिटायची. तासभर तेच चाललं होतं. मग खुणा दिसल्या. वरची फळी मऊ, तिच्यात चार खळगे. शिसवी टणक, तिथे नुसत्या पॉलिशवर दोन चंद्रकोरी. ती रडकुंडीला येऊन सरांना दाखवायला गेली, तर सरांनी त्यांवरून अंगठा फिरवला आणि ठसका लागेपर्यंत हसले. "दात आले म्हणायचे! चला, हिला कुणीतरी आवडीने खाल्लं."

आणि आता त्या दातांवरून खोलीत एक आकडा बोलला गेला. डॉक्टरांनी तो पुतण्याच्या कानात सांगितला, तरी पुतण्याचा चेहरा बघून तो सगळ्या भिंतींना कळला. मास्तरणीच्या पाकिटातली रक्कम त्या आकड्याच्या पायाशीही पोचली नसती.

"कुठे ठेवणार तुम्ही हिला?" तिने डॉक्टरांना विचारलं. आवाज जमेल तेवढा सरळ ठेवून.

"काचेच्या कपाटात. हवा मोजायचं यंत्र आहे आत. ही बारावी."

"आणि वाजवतं कोण?"

डॉक्टर हसले. लहान मुलाने काहीतरी विचारावं तसे. "वाजवायच्या नसतात हो त्या."

पुतण्या तिच्याकडे न बघता म्हणाला, "ताई, काकांचा शब्द होता, मला मान्य आहे. पण काकांना तरी कुठे माहीत होतं हे? माहीत असतं तर त्यांनीच..."

पुढचं त्याने गिळलं. मास्तरणीने मनात हिशेब केला. खरं सांगावं तर हाच माणूस उलटून म्हणणार, एवढी मोलाची वस्तू तुमच्या भरवशावर दिली आणि तुम्ही ती पोरीला चघळायला दिलीत? भरून द्या. आणि गप्प बसावं तर गिटार चालली काचेआड, मुकी व्हायला. तिने उंदरीकडे पाहिलं. उंदरीने बटण तोडलं होतं.

बटण तोंडातून काढता काढताच मास्तरीण बोलून गेली. "ते शिकंज्याचे दात नाहीत. हिचे आहेत."

पुतण्याने "काय?" म्हटलं.

"हिचे दात. माझ्याकडे होती ना गिटार, तेव्हा हिने चावलीय. सरांना मी दाखवलं होतं."

"चावलीय?" पुतण्याचा आवाज चढला. "अहो, एवढ्या किमतीची वस्तू, आणि..."

पण पारख्यांनी हात वर करून त्याला थांबवलं. ते फार मायेने हसत होते. "असू द्या हो. आईला सगळीकडे आपल्याच लेकराचे दात दिसतात. बाई, मी चाळीस वर्षं गिटारी बघतोय."

"आणि मी चार महिने हे दात बघतेय," मास्तरीण म्हणाली. तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. ती उठली आणि लेकीला सरळ डॉक्टरांसमोर नेऊन उभी राहिली. "डॉक्टर, गिटारचं मला माहीत नाही. दातांचं तुम्हाला माहीत असेल ना? बघा."

डॉक्टरांना नाही म्हणता आलं नाही. तो आरसा हातात असताना कुणी समोर तोंड आणलं तर नाही म्हणायची त्यांना सवयच नव्हती. त्यांनी गिटार खुर्चीवर ठेवली, आरसा रुमालाने पुसला आणि वाकले. चकाकतं काहीतरी जवळ येतंय म्हणजे चमचाच, असं समजून उंदरीने आ वासला.

आणि डॉक्टर बदलले. गिटार धरताना आखडलेले ते हात मऊ झाले, आवाज खाली आला. "अगं बाई, केवढे दात! वरचे मधले दोन... बाजूचे दोन... शहाणी गं माझी. खाली दोन, मधे फट... आणि हा डावा जरा आतल्या अंगाला वळलाय. वळतात हं असे, पुढे होतात सरळ..."

मग ते गिटारकडे वळले. आरसा धरला. वरच्या चार खळग्यांवर, मग खालच्या दोन चंद्रकोरींवर. डावी चंद्रकोर जराशी आत वळलेली होती.

बिचारे किती वेळ बघत राहिले. अकरा गिटारींचा मालक आणि दातांचा डॉक्टर यांची त्यांच्या आत झटापट चालली असावी. शेवटी डॉक्टर जिंकला, पण फार दुःखी होऊन.

"जुळतात," ते म्हणाले.

पारखी ताडकन उठले. त्यांनी पुन्हा एकदा भोकाशी नाक नेलं, आणि झटक्यात मागे घेतलं. "मला मघापासून वाटतच होतं. वासात काहीतरी कच्चं होतं. नवं लाकूड आहे हे. वीस वर्षांचं, फार तर. आणि लेबल मुद्दाम कुरतडलेलं दिसतंय."

"मघाशी तर तुम्ही म्हणालात..." पुतण्या चाचरला.

"मघाशी मी शंका मांडत होतो. तुम्ही ती नीट ऐकली नाहीत."

"पण मी गिटार खोटी आहे असं म्हटलं नाही हं," मास्तरीण मधेच म्हणाली. खरं बोलायला लागल्यावर तिला ते अर्ध्यावर सोडवेना. "मी एवढंच म्हटलं, की दात आमचे आहेत."

"एक खूण खोटी म्हणजे सगळंच खोटं," पारखी मफलर घट्ट करत म्हणाले. चूक आपली असण्यापेक्षा गिटारची असणं त्यांना फारच सोयीचं होतं.

डॉक्टरांनी आरसा खिशात घातला. पुतण्याने एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं, आणि शेवटचं पारखी बोलले होते म्हणून त्याला पारख्यांचं पटलं. भरून द्यायची गोष्ट आता निघणारच नव्हती. खोट्या गिटारला चावल्याचं कोण भरून मागणार?

"ताई, काकांनी सांगितलं होतं तसंच राहू दे," तो घाईघाईने म्हणाला, हिचा विचार बदलेल की काय या धाकाने. "आणलंय ना पाकीट?"

आणलं होतं. तिने दिलं. गिटार पेटीत ठेवताना तिने कुणाकडेही पाहिलं नाही, चेहरा फितूर झाला असता. एका कडेवर उंदरी, दुसऱ्या हातात पेटी, अशी ती जिना उतरायला लागली.

दुसऱ्या वळणावर मागून हाक आली. "ताई! एक मिनिट!"

डॉक्टर. एकटेच, धापा टाकत.

तिने पेटी पायरीवर टेकवली. कळलं यांना. कळणारच होतं. पोरीच्या दातांवरून फक्त पोर कळते, गिटार कुणी घडवली ते थोडंच कळतं? कुणीही घटकाभर शांत बसला तर त्याच्या डोक्यात हे येणारच.

डॉक्टरांनी एकदा वर पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "एक विचारू? हसू नका. मला वाजवता येत नाही, आणि त्या अकरांपैकी एकही मी कधी ऐकलेली नाही. तुम्ही हिच्यावर शिकलात म्हणे. हिचा आवाज कसा आहे हो?"

अख्ख्या दुपारभरात हा प्रश्न विचारणारा तो पहिला माणूस होता. आणि चेहरा तोच, मघाशी पोरीच्या तोंडात बघतानाचा. जिना उंच, रिकामा, नुसती एक तार छेडली असती तरी वरपासून खालपर्यंत घुमला असता. मास्तरणीची बोटं पेटीच्या कडीपर्यंत गेलीसुद्धा. एवढ्या आतून विचारणाऱ्याला सर कधीही नाही म्हणाले नसते.

"कसला आवाज, डॉक्टर," ती म्हणाली. "डबा आहे नुसता. मुलांना शिकवायला ठीक."

डॉक्टरांचे खांदे सैल झाले. सुटल्यासारखे हसले.

"वाटलंच होतं मला," ते म्हणाले. "लेबल बघितलं तेव्हाच."

आणि त्यांनी आणखी काही विचारायच्या आत मास्तरीण, कानापर्यंत लाल होऊन, दोघींना सांभाळत उरलेला जिना भराभरा उतरून गेली.