एका चेनला तीन तेलं

आमच्या बाबांचा, म्हणजे प्रेमसिंगांचा, माझ्यावर फार विश्वास. फक्त मी गाडीवर बसले की तो खाली उतरतो. आसेगावच्या दवाखान्यात मला नर्सची नोकरी लागली तेव्हा त्यांनी स्वतःची जुनी मोटरसायकल मला दिली आणि वर अट घातली.

"गाडीनं रस्त्यात एक खेप जरी दगा देला नं निता, त दुसऱ्या दिवसापासून यष्टी."

आमच्या तांड्याजवळ एसटी थांबते ती दवाखाना उघडल्यानंतर. एसटी म्हणजे नोकरीवर पाणी, हे त्यांनाही ठाऊक होतं. म्हणून मी गाडीला तळहाताच्या फोडासारखी जपत होते. रविवारी बाबा शेतात गेले की गुपचूप चेनला ग्रीस चोपडायची. चेनचं कव्हर त्यांनी केव्हाच काढून टाकलं होतं, काळ्या मातीचा चिखल अडकतो म्हणून, त्यामुळे हात सहज पोचायचा.

तरी चेन सैल पडायचीच. ताणावी, की पुन्हा लोंबायची. शेवटी चाक मागे सरकवायला जागा उरली नाही. आणि एका सकाळी आसेगावच्या अलीकडे चेन उतरली ती काही केल्या टिकेना. बसवली की दात्यांवरून घसरायची. गाडी ढकलत जगदेवभाऊंच्या गॅरेजपर्यंत नेली. अंग घामानं निथळत होतं आणि डोक्यात एकच, नोकरी गेली.

जगदेवभाऊंनी चेनवरून बोट फिरवलं, बोटाला लागलेला काळा लगदा चोळला, वास घेतला.

"ताई, हे ग्रीस. हे जळकं इंजिन ऑइल. अन हे त खायाचं करडीचं तेल. एका चेनले किती जन जेवू घालता तुमी?"

"ग्रीस तेवढं माह्यं," मी म्हणाले.

"मंग बाकीचं घरी जाऊन इचारा. तेल कमी पडून नाई झिजली हे. इतक्या तेलात धूळ चिकटली, अन त्या धुळीनं चेन खाल्ली. दातेबी खाल्ले."

दाते खरोखरच एका बाजूला कलले होते. नुसत्या चेननं भागणार नव्हतं. चेन आणि पुढची-मागची दातेरी चक्रं, असा अख्खा सेट बदलावा लागला.

"आंधी कोरड्या फडक्यानं पुसाचं, मंग थेंब थेंब तेल," त्यांनी निघताना बजावलं. "अन हात एकाच मानसाचा."

जुनी चेन लपवता आली असती. पण ते करडीचं तेल काही डोक्यातून जाईना. संध्याकाळी मी ती बाबांपुढे ठेवली आणि सगळं सांगितलं, रस्त्यात बंद पडली तेही.

बाबांनी चेन हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग उठून गोठ्यात गेले आणि वळचणीतून काळ्या तेलाची बाटली काढून आणली.

"पाह्यटी टाकत होतो. तू उठाच्या आंधी."

आत भांड्यांचा आवाज एकदम थांबला.

"मी फकस्त शनवारी," स्वयंपाकघरातून मा म्हणाली. "मारुतीच्या दिव्यातलं उरलेलं. पोरगी सुखरूप यावी म्हनून."

मला हसू आवरेना, आणि डोळेही भरून आले. नोकरी मात्र अजून टांगणीलाच होती.

"मंग उद्या यष्टी का, बाबा?"

"गाडीनं कुठं दगा देला?" त्यांनी बाटली माझ्या हातात दिली. "आपल्याच घरानं देला. जाय तू गाडीनं. आता हात तुह्याच."

दुसऱ्या दिवशी उजाडताना अंगणात खुडबुड ऐकू आली. गाडी स्टँडवर, आणि मागच्या चाकाजवळ बाबा उकिडवे बसलेले. मला पाहून दचकले, हातातलं फडकं वर करून दाखवलं.

"तेल नाई टाकून राह्यलो. कोरडंच पुसून राह्यलो. पुसाले त मनाई नाई नं?"

"नाई," मी म्हणाले.

मी पलीकडच्या बाजूला बसले आणि चाक हळूहळू फिरवू लागले. एकेक कडी त्यांच्या फडक्याखालून सरकत गेली, आणि मला दवाखान्यात उशीर झाला.