खालचा सूर

मित्रांनो, पुठ्ठ्याच्या खोक्यात, पत्र्याच्या चाकावर गुंडाळलेली एखादी चॉकलेटी पट्टी दिसली, तर ती सामान बांधायची पट्टी समजून फेकू नका. ती मी असेन. आवाज साठवणारी जुनी फीत. माझं अंग प्लास्टिकचं, आणि त्यावर लोखंडाच्या गंजाचा पातळ थर. तुमच्या घरी कुठे गंज दिसला की तो घासून काढतात. माझा मात्र सगळा जीव त्या गंजातच आहे. तो झडला की मी संपले.

कारखान्यात जन्मले, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सगळ्या फिती तिथे कोऱ्या आणि गप्पच जन्मतात. माझं नशीब उघडलं ते लॉस एंजेलिसच्या एका स्टुडिओत. तिथे ओकाझाकी नावाचे गृहस्थ यंत्रावर बसत. बोलायचे कमी, पण त्यांचा एक हट्ट होता. इतर लोक बिघडलेलं गाणं फितीवरून कापून टाकत किंवा त्यावरच नवं गाणं भरत. ओकाझाकी यातलं काहीच करत नसत. चुकलेलं, अर्धवट राहिलेलं, सगळं माझ्या अंगावर राहू देत. तेव्हा मला वाटायचं, हा माणूस आळशी आहे. मी किती मूर्ख होते, ते पुढे कळलं.

माझ्यावर गायला चौघं येत. त्यांच्या चमूचं नाव 'द हेझल गेट'. टेकडीवरच्या एका लाकडी घरात राहायचे आणि खडखडणाऱ्या फोक्सवॅगनमधून उतरायचे. कॉर्विन गाणी रचायचा, गिटार वाजवायचा, आणि चौघांच्या वाटचं बोलायचाही तोच. रेडिओवर मुलाखत असली की बाकीचे तिघे नुसते हसत बसायचे. ओडेटचा आवाज सगळ्यात वर, नडीनचा मधला. लाइल बॅस्कम सगळ्यात खाली. तो उंच होता, अबोल होता, आणि गाताना इतरांच्या एक पाऊल मागे उभा राहायचा.

चौघं एकाच माईकभोवती गात. त्या काळी तशीच रीत होती. कुणाचा आवाज वर येतोय असं वाटलं, की ओकाझाकी त्याला बोटानेच मागे सरकवायचे. त्यामुळे ते चार आवाज माझ्यावर उतरले ते एकजीव होऊनच. आमटीत पडलेलं मीठ पुन्हा वेचता येत नाही, तसे ते मलाही आता वेगळे करता येत नाहीत.

माझ्यावरून पहिला अल्बम निघाला तो सहासष्ट साली. अल्बम म्हणजे माझ्या लेकीच. सुंदर वेष्टनात नटूनथटून त्या देशभर गेल्या, कुणाकुणाच्या दिवाणखान्यात मानाने बसल्या. आई मात्र खोक्यात. वर्तमानपत्रांनी लिहिलं, चार गळे आणि एक आवाज, यातला कोण कुठला ते देवालासुद्धा सांगता यायचं नाही. मी फुगून गेले. एवढी स्तुती कुठल्या फितीच्या वाट्याला येते?

पुढे चमू फुटला, तसे सगळेच फुटतात. मग नाती जन्माला आल्या. एकदा कॅसेट निघाली. नंतर निवडक गाण्यांचा अल्बम निघाला, त्याच्या वेष्टनावर चौघांचे चेहरे जांभळे होते, का ते विचारू नका. मग आरशासारखी चकचकीत सीडी आली. काही वर्षांनी तीच सीडी 'नव्याने उजळलेली' म्हणून पुन्हा आली. मला तर ती फक्त जास्त मोठ्याने बोलते असंच वाटलं. दर वेळी कुणीतरी मला खोक्यातून काढायचं, तयार गाणी तेवढी वाजवून घ्यायचं, मधला मजकूर भरकन पुढे पळवायचं आणि मला परत गोदामात ढकलायचं. एकाने तर मला उन्हात मोटारीच्या मागच्या सीटवर ठेवलं होतं. कडा वाकल्या. तक्रार कुणाकडे करणार? वाजवल्याशिवाय आम्हाला तोंड उघडता येत नाही.

आता ज्या माणसासाठी ही गोष्ट सांगतेय, त्या लिओनाकडे वळते. ती लाइलची मुलगी. लाइल मोटार अपघातात गेला तेव्हा ती दोन वर्षांची होती. तिच्याकडे वडिलांचे फोटो खूप, पण आवाज एकही नाही. घरात रेकॉर्डर नव्हता, आणि मुलाखतीत बोलायचा तो कॉर्विन. आईने दुसरं लग्न केलं आणि जुना विषय काढायचं सोडून दिलं. लिओनाकडे उरले ते अल्बम. तिने लहानपणी पहिला अल्बम झिजेपर्यंत ऐकला. मग कॅसेट घेतली, सीडी घेतली, उजळलेली सीडीही घेतली. आज तिची ऑक्सनर्डला रोपवाटिका आहे, वय साठीला टेकलंय, आणि नवी आवृत्ती निघाली की अजूनही ती पहिल्याच दिवशी विकत घेते. दर वेळी एकच आशा, की या वेळी आवाज जरा स्वच्छ असेल आणि चौघांमधून वडील ऐकू येतील. ते कधीच ऐकू आले नाहीत. ज्या स्तुतीने मी फुगले होते, तिने या मुलीचा बाप झाकून टाकला होता. हे मला तिच्याच तोंडून कळलं, आणि तेव्हापासून ती स्तुती मला गोड लागत नाही.

ते कळलं लॉस एंजेलिसजवळच्या बरबँकमधल्या एका खोलीत. कंपनीला सगळे अल्बम एकत्र करून एक देखणी पेटी काढायची होती. ते काम पिलार नावाच्या बाईकडे आलं. पिलार हात धुऊन, कोरडे करून मगच मला उचलायची. इतक्या वर्षांत असा हात मला लागला नव्हता. पण तिला कंपनीचा निरोप होता, की फक्त छापलेली गाणी उतरवून घ्या, आणि काम झालं की फिती काढून टाका, गोदाम रिकामं करायचंय. म्हणजे नातीचं बारसं झालं की आजीला घराबाहेर.

पेटीतले फोटो पसंत करायला म्हणून लिओनाला बोलावलं होतं. तिच्याबरोबर ओडेट आली, चौघांमधली आता एकटीच उरलेली. ऐंशी ओलांडलेली, हातात काठी, आणि अंगणातल्या झाडाची लिंबं पिशवीत भरून आणलेली. फोटो झटपट झाले. मग लिओनाने घसा साफ करून विचारलं, "आता म्हणे कंप्युटरवर माणसांचे आवाज वेगळे काढता येतात. माझ्या वडिलांचा काढून दाखवाल?"

पिलारने प्रयत्न केला. बराच वेळ लागला. शेवटी जे निघालं, ते पिंपात तोंड घालून कुणी बोलावं तसं होतं. लिओनाने डोळे मिटून ऐकलं आणि नम्रपणे म्हणाली, "हे कुणीही असेल. माझा गॅरेजवालासुद्धा असेल."

"तो काय राजम्यातला खडा आहे का, निवडून काढायला?" ओडेट म्हणाली. मग काठी टेकवून पुढे झाली. "पिलार, पहिल्या अल्बममध्ये नदीचं गाणं आहे ना, त्याचा तिघांचा एक टेक असला पाहिजे. त्या दिवशी लाइल आला नव्हता. कॉर्विन म्हणाला, स्टुडिओची वेळ वाया नको, तिघं गाऊ. तो ऐकव हिला."

पिलार घुटमळली. ते तिच्या कामात नव्हतं, आणि मी पूर्वीसारखी धडधाकट राहिले नव्हते. वाजवायचं म्हणजे थोडा थर झडणारच. तिने ते सरळ सांगून टाकलं. कंपनीने तर नकोच म्हटलंय, असंही म्हणाली.

ओडेटने खोलीभर नजर फिरवली. "कंपनी कुठे बसलीय? मला तर दिसत नाही."

पिलारला हसू आलं. "एकदाच वाजवीन. जे येईल ते उतरवून घेईन. दुसऱ्यांदा मागायचं नाही."

तिने मला मागे फिरवलं, नदीच्या गाण्याच्याही मागे. इथे मला इतक्या वर्षांत कुणी थांबवलं नव्हतं. त्या जागी काय आहे ते मला ठाऊक होतं, आणि त्या खोलीत दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. ओडेटलासुद्धा नाही, तिला फक्त गाणं आठवत होतं.

तिघं गाऊ लागले. वाईट नव्हते गात. ओडेटचा आवाज तेव्हा काय होता, ऐकायला हवा होता तुम्ही. पण गाण्याच्या पायाखाली जमीन नव्हती. पहिलं कडवं कसंबसं पार पडलं. दुसऱ्या कडव्यात ओडेटचा सूर वर चढला, आणि खाली जिथे काहीतरी असायला हवं तिथे काहीच नव्हतं. लिओनाचा हात आपोआप वर गेला.

"इथे," ती म्हणाली. "इथे असतो तो."

तिने चौघांचं गाणं इतक्यांदा ऐकलं होतं, की या तिघांच्या गाण्यातली पोकळी तिला बरोबर सापडली. माणूस कुठे उभा असायचा ते तो नसताना दिसलं.

गाणं तिसऱ्या कडव्यात कोलमडलं. "जाऊ दे, असं नाही जमायचं," असं कॉर्विन वैतागून म्हणताना ऐकू आलं. आता सगळं संपलं असं समजून कुणीही यंत्र बंद केलं असतं. पिलारचा हातही बटणाकडे गेला. पण लिओना अजून डोळे मिटून बसली होती, म्हणून तिला उठवायचं पिलारच्या जिवावर आलं. तिने हात मागे घेतला आणि मी फिरत राहिले.

माझ्यावर दार उघडलं. बुटांचा आवाज आला. मग एक खालचा, घोगरा आवाज बोलला. गाणं नव्हे. नुसतं बोलणं.

"मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

तरुण ओडेट किंचाळली, कुणाची तरी खुर्ची पडली. नडीन विचारू लागली, कुणासारखी आहे, कुणासारखी आहे.

"अजून कुणासारखीच नाही. बटाट्यासारखी आहे. नखं आहेत पण तिला. एवढी एवढी." मग थोडं थांबून, "बरं, कुठवर आलात तुम्ही? कुठून घ्यायचंय?"

"पहिल्यापासून," कॉर्विन म्हणाला, आणि गिटारच्या तारा जुळवू लागला.

बरबँकच्या खोलीत लिओना माझ्याकडे बघत होती, जणू मीच तो माणूस. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"किती दमलाय तो," ती म्हणाली.

"रात्रभर हॉस्पिटलच्या बाकावर बसून होता," ओडेट म्हणाली. "तसाच आला."

"केवढासा आहे, मावशी. माझा मुलगा याच्याहून मोठा आहे."

तारा जुळल्या. चौघांनी नदीचं गाणं उचललं. पिलारने यंत्रावरचे आकडे अल्बमच्या यादीशी ताडून पाहिले, पुन्हा पाहिले, आणि हलकेच म्हणाली, "हाच आहे. अल्बमवर गेलेला टेक हाच."

लिओनाला समजायला एक क्षण लागला. ज्या गाण्यात तिने आयुष्यभर वडील शोधले, ते त्यांनी तिच्या जन्माची बातमी सांगून, उसंतसुद्धा न घेता गायलेलं होतं. अल्बमवर तेच, कॅसेटवर तेच, दोन्ही सीडींवर तेच. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण त्या बिचारीला कळसा दिसणार कसा? आधीचा तुकडा सगळ्यांनी भरकन पुढे पळवला होता. मला माहीत होतं आणि मला सांगता येत नव्हतं. एवढी वर्षं ते पोटात ठेवून गोदामात पडून राहणं सोपं नसतं, मित्रांनो.

या वेळी ती गाण्यात कुणाला शोधत नव्हती. नुसती ऐकत होती. दुसऱ्या कडव्यात ओडेटचा सूर चढला, आणि खाली तो होता.

पिलारने पुढे विचारलं, मधलं बोलणंही पेटीत घालायचं का, लोक वेडे होतील. लिओना म्हणाली, "तिघांचं गाणं घाला, चौघांचं घाला. दारापासून पुढचं घरचं आहे. ते मी घरी नेते."

पेटी निघाली आणि चांगली खपली म्हणतात. मला काढून टाकायचं ठरलं होतं, ते पिलारने होऊ दिलं नाही. कंपनीशी भांडली, पार वरपर्यंत गेली. आता मी एका थंड, कोरड्या खोलीत उभी असते आणि तिथे ऊन येत नाही. पुन्हा कुणी मला वाजवेल असं वाटत नाही, आणि त्याचं मला दुःखही नाही. ओकाझाकी आळशी नव्हते, एवढं मात्र मी शेजारच्या फितींना सांगत असते.

मित्रांनो, तुमच्याकडे मागायचं ते थोडंसंच आहे. जुन्या फिती, जुन्या कॅसेट घरात असतील तर उन्हात टाकू नका, आणि शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय टाकून देऊ नका. घरातल्या माणसांचे आवाज जपून ठेवा. ते गात असतानाचेच हवेत असं नाही. जेवायला हाक मारतानाचे, किल्ली कुठे गेली ते विचारतानाचेसुद्धा चालतील. आणि गाणं संपलं म्हणून लगेच बटण दाबू नका. माणसं बऱ्याचदा त्यानंतरच बोलतात.