पाठीवर नाव घातलेला टेप

मित्रांनो, मी एक जुना टेप आहे. तसा मी रेडिओसुद्धा आहे, पण निमगाव सावा इथे मला सगळे टेपच म्हणत. सध्या माझा मुक्काम माळ्यावर आहे आणि माझं डोकं जरा तापट आहे. एवढा मोठा स्पीकर असून ज्याला स्वतःचा एक शब्द बोलता येत नाही, त्याचं डोकं तापणार नाही तर काय होईल?

१९९४ साली प्रतिभाच्या लग्नात तिच्या मामाने मला मंचरहून आणलं. मामा भलताच हौशी. पितळी हंड्यावर नाव घालतात तसं त्याने माझ्या प्लॅस्टिकच्या पाठीवरही मशीनने कोरून घेतलं, 'चि. सौ. कां. प्रतिभा हिस मामाकडून'. आधी गुदगुल्या झाल्या, मग जळका वास सुटला.

लग्नात ताटातल्या तांदळात सुनेचं नवं नाव काढायची वेळ आली, तेव्हा तिची सासू प्रयागबाई मध्येच म्हणाली, "टेपावर नाव घातलंय तिचं. आता बदलून काय करता? ऱ्हाऊ द्या हाये तेच." सगळे हसले. मीसुद्धा फुगलो. माझ्यामुळे एका पोरीचं नाव वाचलं होतं.

पुढची वर्षं माझ्या कौतुकाची. खिडकीत माझी जागा, अंगावर भरतकामाचा रुमाल. कॅसेट गुंतली की प्रतिभा पेनाने फिरवून सरळ करायची. पहिल्याच भाऊबीजेला ती माहेरी गेली होती आणि पठारावरच्या आणे गावाहून प्रयागबाईचा भाऊ आला. ओवाळून झाल्यावर तो हळूच म्हणाला, "सारजे, बरी हायेस ना गं?" तेव्हा मला समजलं. आण्याची सारजा लग्नात प्रयाग झाली होती. त्या घरात हे जुनं नाव कुणी घेत नसे. प्रतिभाला तर ते ठाऊकच नव्हतं.

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात एक म्हातारा दारात आला. उजव्या पायाने लंगडत होता, हातात बोरांची पिशवी होती. प्रयागबाई कांद्याच्या लागणीला वावरात गेलेली, घरात एकटी प्रतिभा. म्हातारा अवघडून म्हणाला, "सारजाबाई हितंच ऱ्हात्यात का?"

"न्हाई बाबा. हे प्रयागबाईंचं घर. सारजा कोनी न्हाई हितं."

मित्रांनो, मी खिडकीत होतो! हातभर अंतरावर! तेव्हा माझ्यात एक लावणी वाजत होती. मला थांबता येईना की ओरडता येईना. म्हातारा पाणी प्यायला, "मग ही पोराबाळांना ठेवा," म्हणून पिशवी ओट्यावर ठेवून निघून गेला. संध्याकाळी प्रयागबाईने ती बोरं खाल्ली आणि म्हणाली, "आमच्या पठारावरच्यासारखी हायेत. कुनी दिली?" प्रतिभा म्हणाली, "पत्ता चुकलेलं पावणं व्हतं." तो राग माझ्या पोटात अजून आहे.

एकोणीसशे नव्याण्णवात रेडिओवर दर रविवारी सकाळी एक कादंबरी वाचू लागले. एका रविवारी जुना काळ, त्यात गोदा नावाची मुलगी आणि तिचा जिवलग, दोघांची झालेली ताटातूट. पुढच्या रविवारी चाळीस वर्षांनंतरचा काळ, तोच माणूस म्हातारपणी तिला गावोगाव शोधतोय. सासू-सुना शेंगा फोडत ऐकायच्या. "आज मागची का पुढची?" प्रयागबाई विचारायची. मागची रंगात आली की पुढची सुरू व्हायची, आणि दोघी चिडून माझ्याच डोक्यावर टपली मारायच्या. मी काय केलं होतं? आणि कांद्याचा बाजारभाव ऐकायला गोरख, म्हणजे प्रतिभाचा नवरा, मधेच माझा कान पिळायचा तो वेगळाच.

शेवटून दुसऱ्या रविवारी तो म्हातारा गोदाच्या सासरी पोहोचला. दारात विचारलं. "गोदा कोणी नाही इथे," असं ऐकून तो माघारी वळला.

प्रयागबाईने हातातली शेंग आपटली. "एवढं कळंना त्याला? लग्नात बाईचं नाव बदलत्यात. जुनं नाव इचारून ती कशी घावंल?"

प्रतिभाचे हात थांबले. "आत्या, तुमचं आधीचं नाव काय व्हतं?"

"सारजा."

प्रतिभा रडायलाच लागली. लंगडणारा म्हातारा, बोरांची पिशवी, सगळं तिने सांगून टाकलं. प्रयागबाईने आपटलेली शेंग उचलून फोडली. मग म्हणाली, "चिमाजी. आमच्या शेजारच्या वावरातला. बोरीवरनं पडूनच पाय मोडला व्हता त्याचा, माझ्यासाठी चढला व्हता. घरच्यांनी न्हाई दिलं मला त्याला." मग तिने विचारलं, "पानी तरी दिलंस का गं?"

"दिलं, आत्या."

"मग झालं."

पण झालं कुठलं? आठवडाभर तिला एकच ध्यास. गोदाचा म्हातारा पुन्हा तिच्या दारात येईल का? तो गोदाला भेटला तर आपणही आण्याला जायचं, असं तिने मनाशी धरलं होतं. शेवटच्या रविवारी नेमकी लाईट गेली. नवे सेल गोरखने बॅटरीत घातलेले. प्रतिभाने माझे जुने सेल पत्र्यावर उन्हात तापवून आणले. मी जिवाच्या आकांताने वाजलो. 'तो फाटकापाशी थांबला, मागे वळला, आणि...' तिथे माझा घसा बसला. नको तेव्हा गाणारा मी, हवा तेव्हा मुका झालो. कादंबरीचा शेवट मला आजतागायत ठाऊक नाही.

प्रयागबाई उठली. "ऱ्हाऊ दे. शेवट मीच जाऊन बघते."

सोमवारी दोघी एसटीने आण्याला गेल्या, दिवेलागणीला परतल्या. प्रयागबाई ओट्यावर टेकली. "दोन म्हयनं झालं चिमाजी जाऊन," ती गोरखला म्हणाली. "सुनेनं त्याच्या पानी दिलं मला. त्याला आपल्या दारात मिळालं, मला त्याच्या. फिटलं." पण तिचा आवाज फाटला होता. माझ्यासारख्या खरखरणाऱ्याला ते लगेच कळतं.

पुढच्या आठवडे बाजारी प्रतिभाने मला काखोटीला मारून नाव घालणाऱ्याकडे नेलं. पुन्हा गुदगुल्या, पुन्हा जळका वास. तिच्या नावाखाली आणखी एक नाव कोरलं गेलं, 'सारजा'. घरी आल्यावर प्रतिभाने ते वाचून दाखवलं, कारण प्रयागबाईला वाचता येत नव्हतं. तिने त्या अक्षरांवरून दोनदा बोट फिरवलं आणि मला पुन्हा खिडकीत ठेवलं.

मग टीव्ही आला, मोबाइल आला. प्रयागबाई गेली. मी माळ्यावर आलो. आता भंगारवाल्याची हाळी ऐकू आली की धस्स होतं. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा म्हणून मी गळा काढणार नाही. द्यायचं तर द्या मला. पण देण्याआधी मला पालथं करून पाठ वाचा. आणि तुमच्या घरात एखादी आजी असेल तर आजच तिला तिचं आधीचं नाव विचारून ठेवा. कुणी दारात ते नाव घेऊन आलं, तर मला सांगता येणार नाही.